एकवीस महिने उशिरा आलेला कर्णा

13 फेब्रुवारी 1901 रोजी पुण्यात भाऊराव कोल्हटकर गेले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी बडोद्याहून आणलेला हा ‘भावड्या’ सुभद्रा होऊन रंगमंचावर आला आणि वीसेक वर्षं मराठी संगीत नाटक त्याच्या गळ्यावर उभं राहिलं. पुढं 8 नोव्हेंबर 1902 रोजी कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग नावाच्या तरुण तंत्रज्ञानं ग्रामोफोन कंपनीचं यंत्र मांडलं आणि हिंदुस्थानच्या भूमीवर व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं. दोन तारखांमध्ये जेमतेम एकवीस महिने. एवढ्या फरकानं भाऊराव हुकले, आणि त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो फक्त ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांतून.

जुन्या रंगभूमीचे आवाज शोधायला निघालं की पहिल्यांदा हीच गोष्ट समोर येते. कोणाचा आवाज राहिला आणि कोणाचा विरला, याचा गुणवत्तेशी फारसा संबंध नाही. यंत्र कधी आलं, कुठल्या शहरात उतरलं, मेण किती टिकलं, घरच्यांनी माळा कधी साफ केला, अशा गोष्टींनी ते ठरवलं आहे. त्यामुळे जे उरलं आहे ते पाहून थक्क व्हायला होतं.

गैसबर्गच्या त्या पहिल्या दिवसाचंच पाहा. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रित झालेले पहिले व्यावसायिक आवाज कोणाचे, असं विचारलं तर बहुतेक जण गौहरजानचं नाव घेतील. गौहरजान आली तीन दिवसांनी, 11 नोव्हेंबरला. त्याआधी कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या शशिमुखी आणि फणीबाला. दोघीही कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमध्ये नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली. म्हणजे आपल्याकडच्या तबकडीचा जन्मच रंगभूमीच्या घरात झाला. गौहरजाननं गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, ते आजही ऐकू येतं. ती नखऱ्याची लकब नव्हती. मेणावर उमटलेले मूळ ठसे जहाजानं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कारागिरांना भाषा कळत नसे, गाणारी कोण ते ठाऊक नसे. तबकडीवर कोणाचं नाव छापायचं हे त्यांना समजावं म्हणून गाणारीनंच शेवटी नाव सांगायचं.

गैसबर्गनं त्या मुक्कामात पाचशेहून अधिक ठसे घेतले. हॅनोव्हरला मेणाच्या ठशावरून धातूचे साचे तयार होत आणि त्या साच्यांत गरम लगदा दाबून तबकड्या निघत. त्या लगद्यात दगडाची भुकटी असे, काजळी असे, कापसाचे तंतू असत, आणि हे सारं बांधून ठेवायला लाख असे. जगभरच्या कारखान्यांना ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. पळस, कुसुम, बोर या आपल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख समुद्रापार जायची आणि आपल्याच गायिकांचा आवाज अंगावर कोरून घेऊन परत यायची. मला या सगळ्या इतिहासात याहून विलक्षण काही वाटत नाही.

आता तो आवाज कोरला कसा जाई ते पाहू. 1925 पर्यंत मुद्रणात वीज नव्हती आणि मायक्रोफोनही नव्हता. समोर पत्र्याचा मोठा कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला सुई. गायकाच्या आवाजानं कंप पावणारी हवा पडद्याला हलवी, पडदा सुईला हलवी आणि सुई फिरत्या मेणावर नागमोडी रेघ ओढी. मधे कुठलीही वाढीव शक्ती नाही. जी रेघ उमटली ती गाणाऱ्याच्या दमानं ओढलेली. त्यामुळे तोंड जवळजवळ कर्ण्यातच घालून गावं लागे आणि तार सप्तकात चढताना मागं सरावं लागे, नाहीतर सुई उसळून ठसा वाया जाई. हातवारे करायला वाव नाही, समोर प्रेक्षक नाही, आणि दहा इंची तबकडीवर जागा तीन-सव्वातीन मिनिटांची.

संगीत नाटकातल्या नटासाठी ही केवढी अडचण होती, हे ज्यांनी त्या नाटकांविषयी वाचलं आहे त्यांना सांगायला नको. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ उभं राहिल्यापासून प्रेक्षक रात्रभर पदं ऐकायला जात. वन्समोअर आला की पद पुन्हा, आणि पुन्हा घेतलेलं पद पहिल्यासारखं नसे. नवी जागा, नवी तान, त्या रात्रीच्या प्रेक्षकाला दिलेलं नवं उत्तर. तबकडीत एवढ्याचं सत्त्व काढून तीन मिनिटांत बसवायचं. शिवाय कर्ण्याला साधारण अडीच-तीन हजार कंपनांच्या वरचे नाद पकडता येत नसत. तंबोरा जवळपास नाहीसाच होई, तबल्याची चाट बोथट होई. व्यंजनंही झिजत, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांच्यातला फरक ज्या उंच नादांत असतो ते नाद मुद्रणात आलेलेच नसतात. म्हणून जुन्या मुद्रिकेतले शब्द लावायला बसलेला माणूस शेजारी पदांचं छापील पुस्तक ठेवतो. नाट्यगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या त्या स्वस्त पुस्तिकांचा असा उपयोग होईल, हे छापणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

भाऊरावांची रिकामी जागा भरायला 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आले, आणि मिरजेला शकुंतला झाले. बालगंधर्व त्या दृष्टीनं नशीबवान, आणि आपण त्यांच्याहून नशीबवान. त्यांनी कर्ण्यासमोरही गायलं आणि विजेचं मुद्रण आल्यावर मायक्रोफोनसमोरही. दोन्ही काळांतल्या मुद्रिका पाठोपाठ ऐकल्या की खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं. ऑर्गन पुढं येतो, सारंगी गळ्यामागून चालताना ऐकू येते, श्वास ऐकू येतो. पण मला कर्ण्यापुढच्या मुद्रिकाही तितक्याच मोलाच्या वाटतात, कारण तिथं काहीही झाकलेलं नाही. शब्द उच्चारून तो सुरावर ठेवायचा, मग शब्द न मोडता तान घ्यायची आणि नेमक्या मात्रेवर परत यायचं, ही सारी कारागिरी त्या खरखरीतही स्वच्छ दिसते.

आणि त्या मुद्रिकांमध्ये आणखी एक माणूस लपलेला आहे. 10 डिसेंबर 1916 रोजी गंधर्व नाटक मंडळीनं ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. यमन, बिहाग, भीमपलास यांसारखे राग बुवांनी पदांत असे उतरवले की नाटक पाहायला आलेला माणूस मैफलीचं गाणं घेऊन घरी जाई. भास्करबुवा 1922 मध्ये गेले आणि त्यांच्या गळ्याची तबकडी नाही. एवढा मोठा गवई, आणि आवाज शून्य. पण ‘स्वयंवर’च्या पदांची मुद्रिका लावून केवळ गाण्याऐवजी बंदिशीकडे लक्ष दिलं की वाक्य कुठं तोडलं आहे, समेकडे कुठल्या बाजूनं यायचं आहे, रागाचं नेमकं कुठलं अंग नाट्याच्या कामाला लावलं आहे, हे कळत जातं. आवाज बालगंधर्वांचा असतो, विचार बुवांचा. हरवलेल्या कलावंताचा शोध असा दुसऱ्याच्या गळ्यातही घ्यावा लागतो.

काही वेळा मात्र दोन्ही माणसं होती, यंत्रही देशात होतं, आणि तरीही हाती काही नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. एरवी स्पर्धेत असलेल्या दोन मंडळ्या, गंधर्व आणि ललितकलादर्श, एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. मराठी रंगभूमीवर त्या प्रयोगाइतकी चर्चा फार थोड्या प्रयोगांची झाली असेल. त्या रात्रीचा एकही स्वर उरलेला नाही, कारण कर्ण्याचं यंत्र फक्त त्याच्या तोंडाशी येऊन गाणाऱ्याचंच ऐकत असे. भरलेल्या नाट्यगृहात रंगमंचावर हिंडणाऱ्या दोन नटांचं गाणं टिपणं त्याच्या शक्तीबाहेरचं होतं. तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

मग शोधणारे लोक नेमकं करतात काय? मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, मोडकळीस आलेले वाडे, संस्थानिकांच्या सामानाचे लिलाव. तबकडी हाती आली की सुई टेकवण्याआधी ती वाचायची असते. पाठ कोरी असेल आणि तिच्यावर पिसानं तबकडीवर लिहिणारा पंखांचा बालदेवदूत उमटलेला असेल, तर ती ग्रामोफोन कंपनीची अगदी सुरुवातीची, एकाच बाजूला गाणं असलेली तबकडी. दोन्ही बाजू भरलेल्या आपल्याकडे 1908 च्या सुमारास आल्या. देवदूताच्या जागी कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आला तो त्यानंतर. निकोल, बेका, ओडियन अशा परदेशी कंपन्यांचे तंत्रज्ञही त्या दशकात इथं फिरून गेले, त्यामुळे लेबलाच्या रंगावरूनही काळाचा अंदाज येतो.

लेबलावरच्या नावावर मात्र विसंबायचं नसतं. हॅनोव्हरच्या जुळाऱ्यानं ते कसंही लावलेलं असू शकतं. खरी साक्ष लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तिथं मुद्रण करताना दिलेला क्रमांक कोरलेला असतो. हे क्रमांक ओळीनं चालतात. म्हणून तारीख ठाऊक असलेल्या दोन तबकड्यांच्या मधला आकडा सापडला की ती कोणत्या शहरात, कोणत्या मुक्कामात, कोणाच्या आधी आणि कोणानंतर घेतली गेली हे मांडता येतं. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक मायकेल किनियर यांनी अशाच क्रमांकांतून आणि कंपनीच्या कागदपत्रांतून ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळातल्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूची उभी केली. 1994 मध्ये ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं छापली. सूचीत 1899 कसं आलं असं वाटेल. त्या वर्षी लंडनमध्ये काही हिंदी माणसांचे आवाज कंपनीनं घेतले होते. सूची समोर असली की हरवलेलं काय आहे तेही कळतं. क्रमांक आहे, नाव आहे, तबकडी कुणाकडेच नाही. शोध तिथून सुरू होतो.

यानंतरचा प्रश्न वेगाचा, आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो, पण हा आकडा पक्का व्हायला बराच काळ गेला. सुरुवातीचे तंत्रज्ञ वजनाच्या ओढीवर चालणारी यंत्रं वापरत आणि वेग सत्तर ते ऐंशीच्या आसपास कुठंही असे. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेलं गाणं अठ्ठ्याहत्तरवर लावलं तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. पांढरी चारमध्ये गायलेलं पद काळी तीनमध्ये ऐकू येतं, आवाज कोवळा होतो, तान खोटी चपळ वाटते. एखाद्या नटाविषयी ‘आवाज फार पातळ’ असं आपण म्हणतो तेव्हा तो दोष खोलीतल्या फिरत्या चकतीचाही असू शकतो. यावर उपाय साथीत सापडतो. ऑर्गन किंवा पेटी साथीला असेल तर षड्ज कुठल्या तरी पट्टीवरच बसला पाहिजे, दोन पट्ट्यांच्या मधे लटकून चालणार नाही. त्यामुळे शक्य असलेले वेग दोन-तीनच उरतात. त्यांतला खरा कोणता ते कान ठरवतो: तबल्याची लय स्वाभाविक वाटते का, आंदोलन माणसाच्या गळ्याचं वाटतं का.

वेग चुकला तर केवढा घोटाळा होतो याचं जगातलं सर्वांत जुनं उदाहरण पॅरिसचं आहे. एद्वार-लेओं स्कॉट यानं 1860 मध्ये काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या लहरी आखल्या होत्या. त्या पुन्हा वाजवण्याची कल्पनाही त्याच्या यंत्रात नव्हती. त्याला आवाज डोळ्यांनी पाहायचा होता. 2008 मध्ये संशोधकांनी त्या रेघांवरून संगणकाच्या मदतीनं नाद काढला, आणि कुणी मुलगी किंवा स्त्री गाते आहे असं वाटलं. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. तो निम्मा केल्यावर संथपणे गाणारा पुरुष ऐकू आला, बहुधा स्कॉट स्वतःच.

आता पुन्हा भाऊरावांकडे. त्यांची तबकडी असणं शक्य नाही. पण तबकडीच्या आधीपासून एडिसनचा फोनोग्राफ होता, आणि त्यात एक सोय होती जी ग्रामोफोनमध्ये कधीच नव्हती: विकत घेणाऱ्याला त्यावर स्वतः मुद्रण करता येई. चार इंच लांब, सव्वादोन इंच व्यासाचं मेणाचं नळकांडं, त्यावर दोनेक मिनिटांचा आवाज. नळकांड्यांच्या नकला साच्यातून काढायची रीत बाजारात रुळली ती 1902 च्या सुमारास. घरी घेतलेलं प्रत्येक नळकांडं एकुलतं एक. त्या पिढीतल्या कुठल्याही नटाचा आवाज उरला असेल तर तो कुणा हौशी श्रीमंताच्या घरी अशा मेणावर.

ही नुसती आशा नाही, असं घडलेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी 1900 मध्ये एक घरगुती फोनोग्राफ घेतला. 1901 ते 1903 या काळात ते तो ऑपेरागृहात घेऊन जात. आधी प्रॉम्प्टरच्या खोबणीत, मग भला मोठा कर्णा जोडून रंगमंचावरच्या उंच पुलावर. चालू प्रयोगातली गाणी त्यांनी दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पकडली. झां द रेश्के हा त्या काळचा थोर पोलिश गायक. 1905 मध्ये एका कंपनीसाठी त्यानं गायलेल्या मुद्रिका बाजारात आल्याच नाहीत. त्याचा आवाज आज ऐकायचा तर मेपलसनच्या मेणावरच. दूरवरून, खरखरीच्या भिंतीपलीकडून, पण भर प्रयोगातला, समोर खरे प्रेक्षक असताना लागलेला. 1937 मध्ये ही नळकांडी एका संग्राहकापर्यंत पोचली आणि पुढं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली. मेपलसन कुटुंबाकडे राहिलेली आणखी काही नळकांडी तिथं आली 2022 मध्ये. सव्वाशे वर्षं होत आली तरी शोध चालूच आहे.

नळकांडं सापडलं तरी ते वाजवायचं कसं? मेण मऊ असतं, प्रत्येक वेळी सुई फिरली की थोडं मेण खरवडलं जातं. त्यातून आपली हवा दमट. बुरशीला हे मेण आवडतं, आणि बुरशी जिथून खाते तिथला स्वर गेला. यावरचा तोडगा अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून आला. कार्ल हेबर तिथं सूक्ष्म कणांच्या प्रयोगांसाठी अतिअचूक मोजमापाची तंत्रं हाताळत होते. तेच तंत्र त्यांनी सहकाऱ्यांसह चरीकडे वळवलं: सुई लावायचीच नाही, पृष्ठभागाची सूक्ष्म छायाचित्रं घ्यायची, चरीची खोली प्रकाशानं मोजायची आणि संगणकाकडून सुईचा प्रवास काढून घ्यायचा. तडा गेलेलं, तुकडे झालेलं नळकांडंही असं ‘ऐकता’ येतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा आवाज 1885 च्या मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीवरून 2013 मध्ये याच वाटेनं परत आला. स्पर्श न करता आवाज उचलता येतो, हे कळल्यापासून खराब झालेल्या जुन्या मेणाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली आहे.

शोधाला आणखी एक दार आहे, ते बोलपटांचं. गोविंदराव टेंबे ‘अयोध्येचा राजा’मध्ये 1932 मध्ये, बालगंधर्व ‘धर्मात्मा’मध्ये 1935 मध्ये. तिथं नट चालताना-बोलतानाही ऐकू येतो, नुसतं गाताना नव्हे, आणि जुन्या नटांचं गद्य कसं होतं हे तबकडी फारसं सांगत नाही.

आपल्याकडे हे काम मुख्यतः हौशी माणसांनी केलं आहे. 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. सुरेश चांदवणकर तिचं काम अनेक वर्षं पाहत आले. ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी कंपनीच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून डिजिटल झाल्या त्या त्यांच्याच खटपटीनं. नोकरी सांभाळून, स्वतःच्या पैशानं, सुट्टीच्या दिवशी धुळीत बसून या लोकांनी जे वाचवलं आहे, त्याचं ऋण मराठी रंगभूमीनं अजून नीट मानलेलं नाही.

आणि हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी जुनी पेटी असेल तर काही गोष्टी आजच सांगून ठेवतो. लाखेची तबकडी स्पिरिटनं पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. एलपीच्या सुईनं त्या वाजवू नका, जुनी चर रुंद असते आणि तिला तिची सुई लागते. लेबलाचा आणि मधल्या पट्ट्याचा फोटो तिरप्या उजेडात काढा, म्हणजे कोरलेला क्रमांक दिसेल. मेणाचं नळकांडं असेल तर बाहेरून धरू नका, दोन बोटं आत घालून उचला. उन्हात नेऊ नका, बुरशी पुसू नका, आणि कुतूहलापोटी एकदाच म्हणूनही वाजवू नका. पेटीवर नाव नाही म्हणून तर ते मुळीच टाकू नका: नळकांड्यांच्या काळात मुद्रण सुरू होताना कोण गातंय ते मोठ्यानं सांगायची पद्धत होती, त्यामुळे पुठ्ठ्यावरून पुसलेलं नाव मेणात शाबूत असू शकतं.